ट्रान्सजेंडर आश्रयार्थी बाईला घरी ठेवायचं, तर स्पॉन्सर म्हणून नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत राहता, ग्रीन कार्ड आहे, घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि उन्हाळ्यात सासूबाई येणार आहेत. इमिग्रेशनच्या कोठडीतून सुटू शकणाऱ्या एका ट्रान्स बाईला घरी ठेवाल का, असं एका संस्थेने तुम्हाला विचारलंय आणि ‘स्पॉन्सर’ या शब्दाची धास्ती वाटतेय. आमच्याकडे २०१९च्या सुरुवातीला होंडुरासची एक बाई आली आणि चौदा महिने राहिली. त्या अनुभवावरून सांगते.

आधी त्या शब्दाबद्दल. नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठी आपण जे आर्थिक हमीपत्र भरतो, तसं हे नव्हे. आम्ही एक पत्र दिलं: ती इथे राहील, तिचं खाणंपिणं आम्ही बघू, प्रत्येक तारखेला तिला कोर्टात हजर करू. सोबत आमची ओळखपत्रं, ग्रीन कार्डाच्या प्रती आणि विजेचं बिल. जामीन भरायचा असेल तर तो वेगळा. तो किमान १५०० डॉलर असतो, बहुतेकदा जास्तच, आणि ती सगळ्या तारखांना हजर राहिली तर खटला संपल्यावर परत मिळतो. (हे वाचणारे कोणी एच-१बी या कामाच्या व्हिसावर असतील, तर त्यांनी सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला विचारावं.)

मे २०१८मध्ये रोक्साना हर्नांडेझ ही होंडुरासची ट्रान्स बाई इमिग्रेशनच्या ताब्यात असताना न्यू मेक्सिकोतल्या इस्पितळात वारली. ती ३३ वर्षांची होती. ती बातमी वाचून आम्ही संस्थेला फोन केला होता. बाहेर पत्ता देणारं कोणी नाही, म्हणून माणसं आत खितपत पडतात, हे तेव्हा कळलं.

आणि पत्ता म्हणजे टपालपेटी. तुमचं सगळ्यात मोठं काम हेच. कोर्टाच्या नोटिसा तुमच्या घरी येतात. एक तारीख चुकली तर न्यायाधीश तिच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम देऊ शकतात. मी रोज संध्याकाळी पेटी उघडायचे, पाकिटावर तारीख घालून फोटो वकिलाला पाठवायचे आणि आठवड्यातून एकदा तिचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने तिला दिलेला नोंदणी क्रमांक, घालून कोर्टाच्या फोनसेवेवर खात्री करायचे. ती न्यू जर्सीत आली म्हणून खटला तिच्यामागे आपोआप येत नाही. तो इकडच्या कोर्टात आणण्यासाठी वकिलाला अर्ज करावा लागला. आश्रयाचा मूळ अर्जही देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत जावा लागतो. ती मुदत सांभाळा. तेव्हा त्याला फी नव्हती, जुलै २०२५च्या कायद्याने १०० डॉलर लागू झाले आणि पहिल्या वर्क परमिटला ५५०.

वर्क परमिटचा अर्ज तिला आश्रयाचा अर्ज केल्यावर १५० दिवसांनी करता आला आणि १८० दिवस झाल्याशिवाय परमिट मिळणार नव्हतं. नियम बदलत राहतात, म्हणून आजची स्थिती वकिलाकडून घ्या. पण सहा-आठ महिने तिच्या हाती स्वतःचा पैसा नसेल, हे धरूनच चला. आम्ही दर सोमवारी एका पाकिटात ठरलेली रक्कम तिच्या टेबलावर ठेवायचो, हिशेब न विचारता. कृपा करून तिला घरकामाला लावू नका. परमिट नसताना पैसे देऊन काम करवून घेणं बेकायदा, आणि फुकट करवून घेणं त्याहून वाईट. उपकाराखाली दबलेलं माणूस नाही म्हणू शकत नाही.

कोठडीत तिच्या हार्मोनच्या गोळ्या दोन महिने बंद होत्या. उत्पन्नाप्रमाणे फी घेणारा दवाखाना शोधून पहिल्याच आठवड्यात वेळ घ्या. आणि खोलीला आतून कडी हवी. आमच्याकडे नव्हती. पहिल्या रात्री तिने दाराला खुर्ची लावली होती, ते सकाळी दिसलं आणि दुपारी नवऱ्याने कडी बसवली.

आता माझी चूक. पाडव्याला मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. तिच्यावर गावात काय गुजरलं ते मी त्यांना मराठीत सांगितलं. ती समोरच बसली होती. तिला शब्द कळले नाहीत, पण मैत्रिणींच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. ताट तसंच ठेवून ती उठून गेली. तीच हकीकत तिला वकिलापुढे पुन्हा पुन्हा उगाळावी लागत होती, त्या दिवसांनंतर ती दुपारपर्यंत अंथरुणातून उठायची नाही. मी माफी मागितली, तिने मान हलवली, पण पुढचे कित्येक दिवस ती आमच्यात जेवायला बसली नाही. तिची गोष्ट विचारू नका आणि सांगू तर मुळीच नका.

मुलीची काळजी करू नका. आम्ही आमच्या लेकीला सांगितलं की जन्मल्यावर लोकांना ही मुलगा वाटली, ही बाई आहे, आणि त्यावरून तिच्या गावात लोक तिला मारायला उठले. तिने विचारलं, “ते इथे येतील?” नाही म्हटल्यावर खेळायला गेली.

माझ्या सासूबाईंना वेळ लागला. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे जवळपास प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं, लपायला जागा नाही. त्या ‘आला’ म्हणायच्या. मी एकदाच सांगितलं, “आई, आपल्या घरात ‘आली’ म्हणायचं.” मग सासूबाई आणि ती, दोघी लायब्ररीतल्या मोफत इंग्रजीच्या वर्गाला एकत्र जाऊ लागल्या आणि शेजारणीबद्दल पाच वाक्यं बोलायचा सराव एकमेकींवर करू लागल्या. जूनमध्ये सासूबाई मला स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणाल्या, “अगं, ती अजून आली नाही, पाऊस आहे, गाडी घेऊन जा.”

होकार देण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: वकील ठरलाय का, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला जमलं नाही तर ती कुठे जाईल. वकील नसेल, तर खोली आवरण्याआधी तो शोधायला त्यांना मदत करा.