बॉयसीच्या टेकडीवरचं जवस कुठलं?

प्रश्न: मी मूळची विदर्भातली, जवसाची निळी शेतं बघतच मोठी झालेय. मुलगी अमेरिकेत आयडाहोत बॉयसीला असते, तिच्या घरामागच्या टेकडीवर तश्शीच फुलं आलीत. ती म्हणते हे तिथलं रानजवस, लुईस फ्लॅक्स. मोबाईलचं ॲप म्हणतं लिनम पेरेन, म्हणजे युरोपातलं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या झाडांच्या संग्रहांच्या, नोंदींवरून छडा लागेल का? आणि सुकलेल्या झाडात बघण्यासारखं उरतं तरी काय?
— एक वाचक, खारघर

उत्तर: ताई, लागेल की! पण एकट्या फोटोवरून नाही, कारण दोन्ही निळी, दोन्ही बहुवर्षायू आणि लांबून अगदी जुळी.

आणि हा घोळ फक्त ॲपचा नाहीये बरं का, तिथल्या जाणकारांचाही झालाय. साउथ डाकोटाच्या ब्लॅक हिल्समधून बी घेऊन १९८० मध्ये 'ॲपार' नावाचं वाण देशी लुईस फ्लॅक्स म्हणून आणलं, वणव्यानंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर ते भरपूर पेरलं गेलं, आणि नंतर कळलं की ते युरोपातलं पेरेन आहे. मग २००३ मध्ये यूटाहमधलं 'मेपल ग्रोव्ह' हे खरंखुरं देशी वाण आलं.

फरक फुलाच्या आत आहे. पेरेनच्या काही झाडांत कुक्षीवृंत (फुलाच्या मधोमध असलेले स्त्रीभागाचे बारीक दांडे) पुंकेसरांपेक्षा (परागकण धरणाऱ्या तंतूंपेक्षा) लांब असतात, काहींत आखूड. लुईस फ्लॅक्सच्या सगळ्या झाडांत एकच धाटणी, कुक्षीवृंत लांबच. म्हणून लेकीला सांगा की एका फुलावर निकाल देऊ नकोस, दहा-पंधरा झाडं भिंगातून बघ, एका जरी झाडात कुक्षीवृंत पुंकेसरांच्या खाली राहिलेले दिसले की ते पेरेन समज. आणि सकाळीच जा, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात.

आता सुकलेल्याचं. मी ठाण्यात गॅलरीतल्या कुंडीत चटणीसाठी आणलेलं जवस पेरलं होतं, त्याचं एक फूल पेपरात दाबलं तर रंग उडून पार पांढुरकं झालं. पण कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली धरलं तर आतले पाचही कुक्षीवृंत मोजता आले! हर्बेरियमच्या शीटची, म्हणजे सुकलेलं झाड चिकटवून ठेवलेल्या कागदाची, खरी ताकद हीच, कोणीही पुन्हा उघडून तपासू शकतं. नाव चुकलं असेल तर जुनं लेबल फाडत नाहीत, शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात, सही आणि तारखेसकट. अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने ९ जुलै १८०६ ला आजच्या मोंटानात हे रानजवस गोळा केलं, वनस्पतिशास्त्रज्ञ पर्शने १८१४ च्या ग्रंथात त्याला लुईसचं नाव दिलं, आणि लुईसची झाडं फिलाडेल्फियात अजूनही जपून ठेवलीत. दोनशे वर्षांपूर्वीचं झाड आज बघायला मिळतं, मला तर हे फार मोठं वाटतं.

पॅसिफिक नॉर्थवेस्टच्या हर्बेरियमांचं एकत्र पोर्टल आहे, त्यात आयडाहोही येतं, खारघरमध्ये बसून बघता येईल. बॉयसीजवळच्या शीट काढा, पण शीटवरचं नाव वाचून थांबू नका, साल आणि जागा बघा, दुरुस्तीची चिठ्ठी आहे का बघा. १९८० नंतरची, त्यात वणव्यानंतर बी पेरलेल्या जागेची शीट असेल तर फुलाचा फोटो मोठा करून आत बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

लेकीला नमुना घ्यायचाच असेल तर आधी जागा कोणाची ते विचारून परवानगी घेऊ दे, मग फूल आणि बोंड दोन्ही असलेली फांदी, आणि त्याच दिवशी लिहिलेलं लेबल.