दोन प्रिन्सिपलांच्या सह्या

बी.कॉम. आणि सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) बरोबरीनं जमते का, की एक काहीतरी सोडावं? बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर पावसाळ्यात हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं. बहुतेकांनी उत्तर घरूनच ठरवून आणलेलं असतं, फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं. त्यामुळं हल्ली मी आधी उत्तर देत नाही. आधी विचारते, "तू दोन्हीकडं जातोस, हे दोन्हीकडं माहीत आहे का?"

हा प्रश्न मला एका मुलीनं शिकवला. तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातली मोठी म्हणून तिला थोरली म्हणू.

2018 चा ऑगस्ट. थोरली आली ती वडिलांना घेऊन. खानापूर तालुक्यातलं गाव, घरची शेती, भात आणि रताळी. शाळा मराठी माध्यमाची, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावीपासून कॉमर्स इंग्रजीतून. सीपीटी, म्हणजे तेव्हाची सीएची प्रवेश परीक्षा, पहिल्या फटक्यात निघाली, नोव्हेंबर 2017 ला आयपीसीसी या मधल्या परीक्षेच्या दोन ग्रुपांपैकी पहिला सुटला आणि 1 फेब्रुवारीपासून ती बेळगावातल्या एका सीएंकडं आर्टिकलशिपला लागली. कॉलेज चालूच होतं. आता बी.कॉम.चं पाचवं सेमिस्टर सुरू झालं होतं, दुसरा ग्रुप राहिला होता, आणि त्याचा नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरायला जेमतेम आठवडा उरला होता.

"बाई, दोन्ही करतो म्हणून बसलो, आता जमंना झालंय," ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली 'करतो, जातो'च म्हणतात. पुण्याला गेल्यावर मैत्रिणी हसतात, मग त्या 'करते' म्हणायला शिकतात.)

वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. "एक ना धड भाराभर चिंध्या. मी सांगूनच थकलो. सीए व्हायचं तर कॉलेज कशाला म्हणतो मी."

माझ्याही मनात तेच आलं, हे कबूल करायला हवं. मी म्हणाले, रेग्युलर कॉलेज सोड, दूरस्थ शिक्षणातून बी.कॉम. पूर्ण कर, पदवी पदवीच असते. थोरली गप्प राहिली. वडीलच पुटपुटले, "मग पास गेला की हो."

पास म्हणजे बसचा विद्यार्थी पास. गाव ते खानापूर, खानापूर ते बेळगाव, रोज जाऊन येऊन. आता शक्ती योजनेमुळं कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, पण ती 2023 च्या जूनमध्ये आली. 2018 ला कॉलेज सुटलं की पास सुटणार होता आणि पूर्ण तिकिटाला तिचा अर्धा स्टायपेंड गेला असता. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. समुपदेशकाला भाड्याचा हिशेब आधी विचारता आला पाहिजे, अभ्यासाचा नंतर. त्या दिवसापासून मी तो क्रम पाळते.

मग विचारलं, ऑफिसात सांगितलंयस का कॉलेजचं?

"कॉलेज दहाला सुटतं म्हणून सांगितलंय."

"आणि सुटतं किती वाजता?"

"बाराला."

"कॉलेजात काय सांगितलंयस?"

"कायच नाही."

सगळं दुखणं तिथं होतं. ऑफिस साडेदहाचं. ती रोज शेवटचे दोन तास बुडवून निघायची. त्यातला एक इन्कम टॅक्सचा, तो विषय ती ऑफिसात तसाही शिकतच होती. दुसरा कॉस्टिंगचा. तिला वाटत होतं, एकूण हजेरी बरी आहे. पण विद्यापीठाला 75 टक्के हजेरी लागते आणि तिच्या कॉलेजात ती विषयवार धरत. मी तिला कॉस्टिंगचाच हिशेब मांडायला लावला. सेमिस्टरभरात साधारण 62 तास होणार, त्यातले 22 झालेले, ती बसलेली फक्त 9. लागणार 47. म्हणजे उरलेल्या 40 पैकी 38 तासांना बसायला हवं. हिशेब तिनंच केला, ताळेबंद जुळवणाऱ्या मुलीला तो अवघड नव्हताच. फक्त तोवर मांडला नव्हता. आकडा बघून रडली.

मुलं या टप्प्यावर दोनच वाटा बघतात. एक म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात कुणाला तरी धरून हजेरी 'करून घेणं'. दुसरी म्हणजे डमी आर्टिकलशिप, कागदोपत्री नाव आणि प्रत्यक्षात घरी अभ्यास. दोन्हींबद्दल माझं मत कडक आहे. डमी केलेली मुलं तीन वर्षांनी मुलाखतीला जातात आणि बँक रिकन्सिलिएशन (वहीतल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं) कसं केलंस म्हटलं की भिंतीकडं बघतात. आणि सीए इन्स्टिट्यूटच्या लक्षात आलं तर आर्टिकलशिपचा तो काळ धरला जाण्याचाच प्रश्न उभा राहतो. थोरली यातलं काही करणारी नव्हती. पण तिनं ऑफिसला जे अर्धं सांगितलं होतं, तेही त्याच रस्त्यावरचं पहिलं पाऊल होतं. हे मी तिला त्याच शब्दांत सांगितलं, वडिलांसमोर.

सीए इन्स्टिट्यूटचा नियम तेव्हा असा: आठवड्याला किमान 35 तास काम, आणि सोबत दुसरा अभ्यासक्रम करायचा तर फॉर्म 112 भरून परवानगी. कॉलेजच्या वेळा ऑफिसच्या वेळांवर चढता कामा नयेत. त्या फॉर्मवर दोन सह्या लागतात, दोन्ही प्रिन्सिपलांच्या. सीएच्या भाषेत ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप करतात ते प्रिन्सिपल, आणि कॉलेजचे तर प्रिन्सिपल असतातच. वडिलांचा गोंधळ उडाला. "एकाच माणसाच्या दोन सह्या कशाला?" तेवढ्यावर थोरली हसली, त्या दिवसातलं पहिल्यांदा.

तिनं 112 भरलाच नव्हता. तो शोधायला गेलं की कॉलेजची खरी वेळ सांगावी लागणार, म्हणून.

मी तिच्यासोबत कुठंही गेले नाही. मुलांचं बोट धरून ऑफिसात जाणारे समुपदेशक असतात, मला ते पटत नाही, समोरचा माणूस मग मुलाशी बोलतच नाही. फक्त काय बोलायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आधी कॉलेज, कारण ऑफिसला काय मागायचं ते कॉलेजात काय मिळतं त्यावर ठरणार. कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या दोन तुकड्या होत्या. तिची ए तुकडी साडेआठ ते बारा. बी तुकडी साडेसात ते अकरा. तुकडी बदलून मागायची, झालेली हजेरी तशीच पुढं घेऊन. मिळाली. कॉलेजच्या प्राचार्यांनी म्हणे एकच विचारलं, "सीएचं आधी का नाही बोललीस?"

ऑफिसात जायला मात्र ती चार दिवस घाबरली. सरांनी काढूनच टाकलं तर? ही भीती मला नेहमी दिसते, मुलींत जास्त. सर खरंच चिडले. कॉलेजवर नव्हे, सहा महिने खोटी वेळ ऐकवल्यावर. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सही केली आणि वेळ साडेअकरा ते सहा करून दिली. अर्धा तास जेवणाचा वजा केला तरी रोजचे सहा, आठवड्याचे 36 तास होतात. फॉर्म उशिरा का, याचं पत्रही त्यांनीच लिहून दिलं. त्यांना ती हवी होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. बेळगावात पतसंस्था आणि सौहार्द सहकारी सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. त्यांचे ठराव कन्नडात, मॅनेजरच्या पेन्सिलीच्या नोंदी मराठीत, ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत. ही तिन्ही वाचणारी आर्टिकल मिळणं सोपं नसतं. शाळेत सक्तीचं कन्नड म्हणून जी पोरगी कुरकुरत होती, तिला त्या ऑफिसात त्याचाच मान होता. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून द्यावी लागते, मराठीतून नाही, याचं दुःख आमच्या मुलांना असतं. ते मी नाकारत नाही. पण ऑफिसातलं काम तीन भाषांत चालतं.

मग राहिला दुसरा ग्रुप. इथं मी आणि थोरली भांडलो म्हटलं तरी चालेल. तिला नोव्हेंबर 2018 लाच बसायचं होतं, वर्गातल्या दोघीजणी बसणार होत्या म्हणून. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर तिला तीन ओळी लिहायला लावल्या, ऑफिस, विद्यापीठ, इन्स्टिट्यूट. ऑफिसच्या ओळीत टॅक्स ऑडिटची मुदत, 30 सप्टेंबर. (त्या वर्षी मुदत पुढं जाऊन 31 ऑक्टोबर झाली. मुदत वाढली म्हणजे काम कमी झालं असं नसतं, ते फक्त आणखी महिनाभर चालतं.) त्यात जीएसटीचं पहिलं पूर्ण वर्ष, उद्यमबागेतले कारखानदार अजून कुठली खरेदी कुठल्या कॉलमात याच्यातच होते. मध्ये 13 सप्टेंबरला गणपती. नोव्हेंबरात सीएची परीक्षा, पाठोपाठ सेमिस्टरची.

रजेचा नियम तेव्हा झालेल्या सेवेच्या एक सप्तमांशाचा. फेब्रुवारी ते ऑक्टोबरअखेर 273 दिवस, म्हणजे 39 रजा. सहा घेऊन झालेल्या. उरल्या 33. दोन्ही परीक्षांना वाटल्या तर धड एकीलाही पुरणार नाहीत. ग्रुप सुटायचा तर प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण सरासरी 50 टक्के लागतात, एका पेपरात 38 पडले की सगळं वाया. मी म्हणाले, नोव्हेंबर सोड. ती म्हणाली, "मैत्रिणी पुढं जातील." मी म्हणाले, जाऊ देत. हे वाक्य आज मी इतक्या कोरडेपणानं म्हणणार नाही. मुलांसाठी मागं पडणं हे खरं दुखणं असतं, त्याला हिशेबानं उत्तर देता येत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती तळ्यात-मळ्यात होती. शेवटी भरला नाही, पण माझ्या सांगण्यानं नव्हे. आईनं म्हटलं, "वर्षभर पोरगी जेवताना झोपतीया."

तिच्या आईनं आणखी एक काम केलं, ते माझ्या यादीत नव्हतंच. अनगोळात राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन केला. जमिनीवरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर थोरली मावशीकडं राहिली. टॅक्स ऑडिटच्या घाईत रात्री नऊला ऑफिसातून निघून खानापूरची बस, तिथून फाट्यावर वडील मोटारसायकल घेऊन पावसात उभे, आणि परत पहाटे पाचला उठणं, हे त्या दोन महिन्यांत कुठल्याही वेळापत्रकानं जमलं नसतं.

कॉस्टिंगची हजेरी काठावर भरली. बी.कॉम. 2019 ला झालं. दुसरा ग्रुप तिनं पदवीनंतर दिला, नोव्हेंबर 2019 ला, आणि तो सुटला. त्या दोघी मैत्रिणींपैकी एकीचा 2018 लाच सुटला होता, हेही लिहायला हवं. आर्टिकलशिप जानेवारी 2021 अखेर संपली. फायनलचा एक ग्रुप झाला आहे, दुसरा अडकला आहे. मधल्या काळात ती एका कारखान्यात अकाउंट्स बघते. त्या नोकरीच्या जाहिरातीत पहिली अट पदवीची होती.

"सीए करतोय तर डिग्री कशाला" म्हणणाऱ्या पालकांना मी एवढंच दाखवते. सीएची शेवटची परीक्षा कधी सुटेल याची हमी कुणी देत नाही. आणि ज्यांना खरोखरच दोन्ही झेपत नाही, घरात कमावणारं कुणी नाही किंवा तब्येत साथ देत नाही, त्यांना मी उलटी वाट सांगते. आधी पदवी नीट पूर्ण कर. कॉमर्सला 55 टक्के पडले तर फाउंडेशन (सीपीटीच्या जागी आलेली परीक्षा) न देता थेट इंटरमीजिएटला (पूर्वीची आयपीसीसी) नोंदणी होते. त्यात कमीपणा काही नाही. चंदगडकडून येणाऱ्या एका मुलानं हीच वाट धरली, आणि त्याची झोप थोरलीपेक्षा बरीच बरी होती.

आता नियम बदललेत, म्हणून थोरलीचं कॅलेंडर जसंच्या तसं उचलू नका. 1 जुलै 2023 पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची आहे. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरूच होत नाही. फायनल आर्टिकलशिप संपून सहा महिने झाल्यावर. म्हणजे थोरलीचा जो पेच होता, ऑफिसात काम आणि डोक्यावर अर्धा ग्रुप, तो आता येत नाही. त्याऐवजी पहिल्या दोन वर्षांत कॉलेज आणि इंटरमीजिएट यांची रस्सीखेच असते, आणि ऑफिस सुरू होतं तेव्हा बहुतेकांचं पदवीचं शेवटचंच वर्ष उरलेलं असतं. ते वर्ष निघण्यासारखं असतं. मात्र त्या वर्षासाठी ऑफिसला आणि कॉलेजला काय कळवायचं, काय भरायचं, हे रुजू होण्याच्या आधी आपल्या सीए सरांसमोर बसून वाचून घ्या. बेळगावात इन्स्टिट्यूटची शाखा आहे, तिथं जाऊन विचारा. सिनियरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फॉर्म भरू नका, तो त्याच्या वेळचा असतो.

आणि कॉलेजातलं काम सकाळी दहाच्या आत करा. त्यानंतर सही करणारे प्राचार्य मीटिंगला जातात आणि शिक्का ज्यांच्या कपाटात असतो ते क्लार्क चहाला.