रात्री हाताला मुंग्या येतात, मग मनगटाची सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न : वय ४६, शिवणकाम करते. चार महिन्यांपासून उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. मनगटाच्या सोनोग्राफीत 'मीडियन नर्व्ह १४ चौरस मिमी' आलंय. यावरून नस दबल्याचं कसं कळतं? शॉकची टेस्ट (एनसीव्ही) करावीच लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मनगटात हाडांची खोबण आणि वर ताणून बसवलेला जाड पट्टा, असा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही नस, म्हणजे मीडियन नर्व्ह, जाते. पट्टा सैल होत नाही, त्यामुळे आत सूज आली की नस चेपते आणि बोगद्याच्या तोंडाशी फुगते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. सोनोग्राफीत मोजतात ती ही फूग.

त्यासाठी १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा सपाट प्रोब (कातडीवर टेकवायचं यंत्राचं टोक) लागतो, पोटाच्या सोनोग्राफीचा चालत नाही. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला दाबलं की वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं, त्या पातळीवर प्रोब आडवा धरतात. नस मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते, पांढऱ्या जाळीत काळे ठिपके. प्रोब जरा कलवला की कंडरा काळ्या पडतात, नस बरीचशी तशीच राहते. तिथेच तिची ओळख पटते.

चुका होतात त्या मोजताना. रेघ नसेच्या पांढऱ्या कडेच्या आतून काढायची. कडेसकट काढली किंवा प्रोब तिरका राहिला, तर आकडा उगाच वाढतो. काहींची नस दुभंगलेली असते. तिथे दोन्ही भागांची बेरीज करावी लागते, नाहीतर आजार नजरेतून सुटतो.

साधारण १० चौरस मिमीच्या पुढे संशय घेतात, म्हणून तुमचे १४ जास्तच आहेत. तरी एकट्या आकड्यावर विसंबू नका. तीच नस मनगटापासून सुमारे १२ सेमी वर, कोपराच्या दिशेने, किती आहे हे रिपोर्टमध्ये विचारून घ्या. तिथे ७ असेल तर मनगटाशी ती दुप्पट झाली, १.४ पटीच्या पुढे गुणोत्तर गेलं की निदान भक्कम होतं. पण तिथेही १२ असेल तर नस मुळातच जाड आहे. मधुमेहात असं होऊ शकतं.

सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते, ती काम किती करते ते एनसीव्ही सांगते. तुमची लक्षणं ठळक आहेत, त्यामुळे कोपराकडच्या आकड्याशी गुणोत्तरही जुळलं तर रात्री मनगटाला बाहेरून पट्टा (स्प्लिंट) लावून उपचार सुरू करायला एनसीव्हीसाठी थांबायची सहसा गरज नसते. अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजलं असेल, वस्तू हातातून निसटत असतील, करंगळीही बधिर होत असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर मात्र ती जरूर करा. उलट, बोगद्यात गाठ किंवा कंडरांची सूज आहे का, हे एनसीव्हीत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. थायरॉइड आणि साखरही तपासून घ्या.

रात्रीचा पट्टा मनगट सरळ ठेवणारा हवा. दुकानातल्या अनेक पट्ट्यांतली धातूची पट्टी मागे वाकवलेली असते. ती काढून, हाताने सरळ करून पुन्हा घाला.