प्रीपोनवर लाल गोल: इंग्लिश शब्द खरा आहे हे ठरवतं कोण?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत, निबंधात लिहिलं की पावसाचा अंदाज बघून मॅच प्रीपोन केली, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेतली, बाईंनी लाल गोल मारला आणि बाजूला लिहिलं की असा इंग्लिश शब्दच नाही, आणि आता तुम्ही विचारताय की नवा शब्द खरा कधी मानायचा आणि ते ठरवतं तरी कोण. मी इंदूरात 19 वर्षं इंग्लिशच्या ट्यूशन घेतेय, प्रीपोनवरून रडत आलेलं एक तरी पोर दर वर्षी असतंच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मुलापुरतं आधी सांगते. प्रीपोन ऑक्सफर्डमधे आहे, मेरियम-वेब्स्टरमधे पण आहे. पण म्हणून लगेच डिक्शनरी घेऊन शाळेत जाऊ नका, कारण डिक्शनरीत आहे म्हणून शब्द खरा, हे लॉजिकच उलटं आहे. पोर आधी जन्मतं, दाखला नगर निगम नंतर देतं.

इंग्लिशला मालकच नाही हो. फ्रेंचांची भाषेवर देखरेख ठेवणारी अकादमी 1635 पासून बसलीय, इंग्लिशमधे पण लेखक जोनाथन स्विफ्टने 1712 साली तशी काहीतरी व्यवस्था करा म्हणून जाहीर लिहिलं होतं पण ते तसंच राहिलं. म्हणजे शिक्का मारणारं ऑफिस नाही. डिक्शनरीवाले नुसते बघत बसतात की लोक काय लिहितायत काय बोलतायत, आणि पुरेसे पुरावे जमले की नोंद करतात.

आणि त्यांच्याकडून चुका पण होतात, मला तर हे दोन किस्से फार आवडतात. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी जेम्स मरे करत होता तेव्हा लोकांनी पोस्टाने लाखो चिठ्ठ्या पाठवल्या, एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुठे वापरलाय ते वाक्य. त्यात बाँडमेड म्हणजे दासी या शब्दाची चिठ्ठीच हरवली, आणि 1888 साली पहिला खंड निघाला त्यात हा शब्दच नाही! बायबलच्या भाषांतरात होता, शेकडो वर्षं लोक वाचत होते, पण डिक्शनरीत आला थेट 1933 च्या पुरवणीत. मग मधली 45 वर्षं तो खोटा होता का? आता उलटं बघा, 1934 च्या वेब्स्टरमधे डॉर्ड असा शब्द छापून आला, अर्थ दिला घनता. तो शब्द जगात कोणी कधी बोललंच नव्हतं. चिठ्ठीवर होतं की डेन्सिटीसाठी कॅपिटल डी किंवा स्मॉल डी असं संक्षिप्त रूप लिहितात, ते 'डी ऑर डी' कोणीतरी सलग वाचलं आणि झाला डॉर्ड. 1939 मधे एका संपादकाच्या लक्षात आलं. इतकी वर्षं एवढ्या जाडजूड डिक्शनरीत राहून पण डॉर्ड खरा झाला नाही, कारण तो कोणाच्या तोंडात नव्हता.

आता तुमच्या प्रीपोनची गोष्ट. आपल्याकडे सगळे समजतात की हा आपला देसी जुगाड आहे, आणि तसं ते चूक पण नाही, पण 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समधे एकाने अगदी हाच शब्द सुचवला होता, वकील लोकांच्या सोयीसाठी, पोस्टपोनला जोडीदार म्हणून. अमेरिकेत कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि आपण मात्र त्या माणसाचं नाव पण न ऐकता शब्द उचलला. का, तर आपल्याला नड होती. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकललं, हे ठीक. इंग्रज त्याच्या उलट गोष्टीला म्हणतो ब्रिंग फॉरवर्ड, आणि फॉरवर्ड म्हणजे पुढे हे आपण पहिलीत घोकलेलं, म्हणजे परीक्षा फॉरवर्ड आणली असं कानावर आलं की आपलं डोकं म्हणतं वा, चार दिवस जास्त मिळाले, आणि खरं तर चार दिवस गेलेले असतात. प्रीपोनमधे हा घोळच नाही, पोस्टपोन माहीत असलेल्याला न सांगता कळतो. वर त्याला पोरंबाळं पण झाली, प्रीपोन्ड, प्रीपोनिंग, प्रीपोनमेंट. शब्दाला असे प्रत्यय लागायला लागले आणि कोणी अडखळलं नाही की समजायचं तो घरचा झाला.

पण नुसता घडवला म्हणून होत नाही. माझ्याच एका बॅचने शब्द काढला होता, जवाहरमार्ग्ड. संध्याकाळच्या वेळी इंदूरच्या जवाहर मार्गावर ट्रॅफिकमधे जो अडकलाय त्याला अर्थ सांगायची गरज नाही. सॉरी मॅम, आय गॉट जवाहरमार्ग्ड! मी खूप हसले. मग पुढच्या बॅचला एक देवासचा मुलगा आला, त्याने जवाहर मार्ग धड बघितला पण नव्हता आणि तो म्हणाला विजयनगरला जवाहरमार्ग्ड झालो. तेव्हा मला वाटलं की चला, शब्दाला पाय फुटले, ज्याने काढला तो कॉलेजात निघून गेला तरी शब्द चालतोय. पण दोनेक वर्षांत संपला. ट्यूशनच्या दाराबाहेर कोणाला कळत नव्हता, प्रत्येक वेळी समजावून सांगायला लागायचा, आणि समजावून सांगायला लागणारा शब्द म्हणजे पाहुणाच.

आपल्या मराठीत तर हे सगळं होऊन गेलंय. 1674 ला राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं बदलली, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, पेशव्याचा मुख्य प्रधान, त्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. प्रत्यक्ष छत्रपतींचा हुकूम! तरी बाजीरावाला कोणी मुख्य प्रधान बाजीराव म्हणतं का? आणि आमच्या रामबागेत मुजुमदार, फडणीस, चिटणीस अशी हाक मारलीत तर तीन खिडक्या उघडतील. दुसरीकडे सावरकरांनी मेयरसाठी घडवलेला महापौर हा शब्द बघा, इथे इंदूरात हिंदी बोलणारा भिया पण महापौरच म्हणतो आणि त्याला माहीत पण नसतं की हा कोणी केलेला शब्द आहे. माझी परीक्षा हीच, वापरणाऱ्याला बाप माहीत नाही, आणि ऐकणारा "म्हणजे काय?" विचारत नाही.

वेळ किती लागतो याला काही नियम नाही. डिक्शनरीवाले साधारणपणे काही वर्षं बघतात, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी वापरलाय का, की एकच माणूस ढोल बडवतोय. पण कोविड-19 हे नाव फेब्रुवारी 2020 मधे ठेवलं आणि एप्रिलमधे ऑक्सफर्डमधे होतं. आणि ऐकायला घाण वाटतो हे कारण तर सोडूनच द्या, सायंटिस्ट हा शब्द 1834 ला छापून आला आणि मोठमोठे विलायती शास्त्रज्ञ पुढे कित्येक दशकं त्यावर नाक मुरडत होते.

आता बाईंबद्दल. खरा शब्द आणि त्या जागी चालणारा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला जरूर सांगा. प्रीपोन भारतात शंभर टक्के चालतो, पण त्याने उद्या लंडनच्या कॉलेजला अर्ज लिहिला तर तिथे ब्रिंग फॉरवर्डच बरा, वाचणाऱ्याला कदाचित प्रीपोन नवा असेल. बाईंनी "निबंधात हा नको" लिहिलं असतं तर मी त्यांच्या बाजूने बोलले असते. "शब्दच नाही" हे मात्र चूक, आणि गंमत सांगू का, माझ्या भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात मीटिंग प्रीपोन झाल्याची नोटीस इंग्लिशमधेच आली होती, खाली प्रिन्सिपलची सही. तुम्ही पण तुमच्या शाळेच्या जुन्या नोटिसा चाळून बघा, सापडली तर भांडायला नाही, पॅरेंट्स मीटिंगला हसत हसत दाखवायला न्या. आणि त्या शब्दाचा मार्क कापलाय की नुसता गोलच मारलाय ते सांगा, गोलच असेल तर मी तरी सोडून देईन.