केस ‘कमिट’ होते म्हणजे काय होते?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर कोयत्याने वार झाला. फिर्याद मी दिली, भारतीय न्याय संहितेचे कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) लागले. चार्जशीट जाऊन चार महिने झाले, तरी प्रत्येक तारखेला ‘अजून कमिट व्हायची आहे’ एवढेच ऐकायला मिळते. आम्ही वकील लावावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : खुनाचा प्रयत्न हा गुन्हा सेशन्स कोर्टच चालवते. दोषारोपपत्र (चार्जशीट) मात्र आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे साक्षीपुरावा होत नाही. आरोपीला कागदांच्या नकला द्यायच्या आणि खटला सेशन्सकडे पाठवायचा, म्हणजेच ‘कमिट’ करायचा, एवढेच काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २३२ प्रमाणे ते न्यायदंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ९० दिवसांत व्हावे; कारण नोंदवून १८० दिवसांपर्यंत नेता येते. रखडते ते बहुतेक वेळा आरोपींमुळे. समजा, चारपैकी एक फरारी, दुसरा जामिनावर सुटून गैरहजर. मग वॉरंट, मग पुढची तारीख. अशा वेळी हजर आरोपींचा खटला वेगळा काढून पाठवता येतो. सहायक सरकारी वकिलांना भेटून तसा अर्ज देण्याची विनंती करा. एरवी समन्स येईपर्यंत तुम्ही तारखांना हेलपाटे घालायची गरज नाही.

कमिट झाल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर जाऊन सेशन्स केसचा नंबर पडतो. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर जुना नंबर ‘निकाली’ दिसला म्हणून घाबरू नका, नवा नंबर मागून घ्या. पुढे आरोपमुक्तीचा अर्ज (कमिटलपासून ६० दिवसांत), आरोपनिश्चिती आणि मग साक्षी : साधारणपणे फिर्यादी, जखमी, पंच, डॉक्टर आणि शेवटी तपासी अंमलदार.

खटला सरकारी वकीलच चालवतात. तुमचा वकील त्यांना मदत करू शकतो, कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारू शकत नाही. तेव्हा ऐपत नसताना कर्ज काढून वकील लावू नका. पैशापेक्षा लक्ष द्या, आणि ते जबाबांकडे.

पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. त्यामुळे लिहिले काय, हे अनेकांना थेट उलटतपासणीत कळते. घटना रात्रीची असेल आणि ‘खांबावरचा दिवा चालू होता, म्हणून ओळखले’ हे वाक्य जबाबात नसताना कोर्टात पहिल्यांदाच आले, तर बचावाचे वकील ते ‘ओमिशन’ (जबाबात नसलेली गोष्ट) म्हणून नोंदवून घेतात आणि तपासी अंमलदाराच्या तोंडून पक्के करतात. ओळखच डळमळली की वारांच्या खुणा कितीही खोल असोत, त्या कोणी केल्या हा प्रश्न उरतोच. सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरवर दाखल करताना कुणी घाईत ‘पडून लागले’ सांगितले असेल, तर तेही निघणारच. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते. साक्षीआधी ती आणि जबाब सरकारी वकिलांकडे बसून वाचा. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणा. ठोकून दिलेले उत्तर जास्त महागात पडते.

प्रश्न : चार्जशीट वेळेत गेली नाही म्हणून आरोपी सुटला. केस संपली का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतरांत ६०; मुदत पहिल्या रिमांडपासून (कोठडीच्या आदेशापासून) मोजतात. तेवढ्यात चार्जशीट आली नाही आणि आरोपीने ती येण्याआधी अर्ज केला, तर जामीन हा त्याचा हक्कच. त्यात पुरावा तपासला जात नाही. चार्जशीट नंतरही येते आणि खटला चालतोच. साक्षीदारांना धमक्या आल्या तर मात्र लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्या. जामीन रद्द करण्याच्या अर्जाला तोच आधार लागतो.

प्रश्न : गावकीत मिटले, तर १०९ ची केस मागे घेता येते का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : खालच्या कोर्टात नाही, हा गुन्हा तडजोडीचा नाही. गुन्हा रद्द करून मागायला उच्च न्यायालयातच जावे लागते. सोलापूरसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. जखमा गंभीर असतील तर दोन्ही बाजू राजी असूनही न्यायालय नकार देऊ शकते.