तव्याचा थर निघाला, आता कोणता घ्यावा?

प्रश्न : आमचा नॉन-स्टिक तवा मधोमध खरवडला गेला आहे. सकाळी गॅस, संध्याकाळी चूल असा आमचा स्वयंपाक; भाकर, धिरडी, आयते सगळं त्याच तव्यावर. दुकानदार ‘पीएफओए-फ्री’ लिहिलेला महाग तवा दाखवतो. घ्यावा का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : त्या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पीएफओए हे रसायन थर तयार करताना कारखान्यात वापरत. 2019 साली ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. शिक्का असला तरी थर बहुधा टेफ्लॉनचाच असतो, आणि त्याचं वैर जाळाशी. 260 अंश सेल्सिअसच्या वर तो बिघडू लागतो, 350 च्या पुढे निघणाऱ्या वाफांनी माणसाला थंडी-ताप, खोकला होतो. पिंजऱ्यातला पोपट तर दगावतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचतो. भाकरीला तवा कोरडाच तापवावा लागतो. शिवाय चुलीतल्या तुराट्या-पऱ्हाट्या एकदम भडकतात, त्यांना बारीक करायचं बटण नसतं. खरवडलेला तवा आता स्वयंपाकातून काढा; मात्र आजवर पोटात गेलेल्या कपट्यांची धास्ती नको, ते न पचता बाहेर पडतात.

भाकरीला लोखंडी पत्र्याचा तवा, धिरड्या-आयत्यांना बिडाचा. बिडाचा नवा तवा गरम पाण्याने घासून आचेवर पूर्ण कोरडा करा. जवसाचं घाणीचं तेल अर्धा चमचा सगळीकडे चोळा, मग कोरड्या फडक्याने असं पुसा की तेल लावलंच नाही असं वाटावं. धूर निघून थांबेपर्यंत तापवा, निवू द्या. असं चार-पाच वेळा. जवसाचं तेल तापून वाळतं आणि कडक, काळा थर धरतं. तेल जास्त राहिलं तर तवा चिकट होतो, पुढे पापुद्रेही सुटतात. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ अळशीचं (म्हणजे जवसाचंच) तेल चुकूनही नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

चिंच-टमाट्याची भाजी या तव्यावर शिजवली की थर निघतो. तापल्या बिडावर गार पाणी टाकलं तर तडा जातो.

आयत्यांसाठी नॉन-स्टिकच हवा असेल तर तो फक्त गॅसवर, मंद आचेवर, लाकडी सराट्यासह (उलथन्यासह). पाण्याचा थेंब चुरचुरला की पीठ घाला; थेंब गोळी होऊन पळू लागला तर तवा जास्त तापला. ‘सिरॅमिक’ थरात टेफ्लॉन नसतं, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो.

प्रश्न : केकसाठी नॉन-स्टिक डबा चालेल का? ओव्हन नाही, कुकरमध्ये करते.
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : ओव्हनमध्ये 180 अंशांवर चालला असता. मीठ पसरलेला कोरडा कुकर किती तापला ते कळत नाही, म्हणून साधा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, तळाला बटर पेपर, कडांना तूप-मैदा. कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा.