मध्यस्थ, लवाद की हमीदार?

प्रश्न असा आहे : ‘एक्वाडोर आणि पेरू यांच्या सीमातंट्यात शेजारी देशांनी लवाद म्हणून मध्यस्थी केली’ हे अनुवादातील वाक्य बरोबर आहे का, आणि ‘मध्यस्थी’ऐवजी ‘शिष्टाई’ चालेल का?

‘शिष्टाई’ येथे चालणार नाही, हे आधी सांगून टाकतो. या शब्दामागे कृष्णशिष्टाई उभी आहे आणि हस्तिनापुरास गेलेला कृष्ण तटस्थ नव्हता. तो पांडवांचा दूत म्हणून गेला होता. शिष्टाई एका पक्षाच्या वतीने होते. ‘रदबदली’ तर त्याहून उघडपणे एकाची बाजू घेते.

खरी अडचण ‘लवाद’ आणि ‘मध्यस्थी’ यांना एकाच वाक्यात बांधल्यामुळे झाली आहे. मध्यस्थ दोघांना बोलते करतो, तोडगा सुचवतो, पण तो मानायचा की नाही हे पक्षांच्याच हाती राहते. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरी खेपा घालतो, होकार मात्र त्याला देता येत नाही. लवादाचे तसे नाही. दोन्ही पक्षांनी आधीच मान तुकवलेली असते आणि तो देतो तो निवाडा असतो. (‘लवाद’ हा शब्द आपण व्यक्तीला, प्रक्रियेला आणि कृष्णा पाणी तंटा लवादासारख्या न्यायाधिकरणालाही लावतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते.)

आता मूळ प्रकरण पाहू. २९ जानेवारी १९४२ रोजी रिओ दि जानेरो येथे झालेल्या सीमाकरारावर एक्वाडोर आणि पेरूसह अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका यांनीही सह्या केल्या. या चौघांना त्या व्यवहारात स्पॅनिशमध्ये ‘गारांतेस’ म्हणतात. मराठीत ‘हमीदार’ हा नेमका शब्द आहे. ‘जामीन’ म्हटले की कर्ज आणि कोर्ट आठवते, म्हणून तो टाळावा. पुढे हवाई पाहणीत सेनेपा नदी समजुतीपेक्षा बरीच लांब असल्याचे दिसले, करारातील जलविभाजकाचे (दोन नद्यांची खोरी वेगळी करणाऱ्या उंच रेषेचे) वर्णन जमिनीशी जुळेना, आणि कोंदोर पर्वतरांगेतील सुमारे ७८ किलोमीटर सीमा आखायची राहिली. तेथेच १९९५ च्या आरंभी लढाई पेटली. १७ फेब्रुवारीला ब्राझीलमध्ये शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, चारही हमीदारांचे लष्करी निरीक्षक सीमेवर गेले आणि वाटाघाटी पुढे तीन वर्षांहून अधिक काळ चालल्या. एवढ्या भागाला ‘मध्यस्थी’ हाच शब्द योग्य आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये मात्र भूमिकाच बदलली. बोलणी अडली, तेव्हा दोन्ही देशांच्या संसदांनी हमीदार देतील तो तोडगा बंधनकारक राहील, असे तो पाहण्याआधीच मान्य केले. त्या क्षणी मध्यस्थाचा लवाद झाला. त्यामुळे ‘लवाद म्हणून मध्यस्थी केली’ असे न लिहिता ‘हमीदार देशांनी आधी मध्यस्थी केली आणि अखेरीस, दोन्ही पक्षांच्या संमतीने, बंधनकारक निर्णय दिला’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण खरे होते.

‘शेजारी’ हा शब्दही तपासून घ्यावा. एक्वाडोरच्या सीमा फक्त कोलंबिया आणि पेरू यांना भिडतात. चार हमीदारांपैकी एकही त्याचा शेजारी नाही. ब्राझील आणि चिली हे पेरूचे शेजारी आहेत, आणि त्यातही चिलीशी पेरूचे १८७९ मध्ये युद्ध जुंपले होते. अमेरिका तर दक्षिण अमेरिका खंडातही नाही. तेव्हा शेजारीपणा बाजूला ठेवून सरळ ‘हमीदार देश’ म्हणणे बरे.

जाता जाता, त्याच मजकुरात पुढे ‘तिविन्सा (१९९५ च्या लढाईतील वादग्रस्त ठिकाण) एक्वाडोरला देण्यात आले’ असे असेल, तर तेही दुरुस्त करावे. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्राझिलिया येथे एक्वाडोरचे राष्ट्राध्यक्ष माउआद आणि पेरूचे फुजिमोरी यांनी सह्या केल्या, त्या व्यवस्थेनुसार तेथील एक चौरस किलोमीटर जमीन एक्वाडोरला खासगी मालमत्ता म्हणून मिळाली, सार्वभौमत्व पेरूकडेच राहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा एक्वाडोरच्या नावे आणि राज्य पेरूचे.